छापील करार आणि खाली आपली सही : युरोपातल्या नागरी संहितांनी यावर काय उपाय केला?

इझारकाठ

नमस्कार मंडळी. विषय कायद्याचा आहे, पण सुरुवात घरापासून करते.

म्युनिकमधलं भाड्याचं घर आम्ही मार्चमध्ये सोडलं. किल्ल्या दिल्यावर दोन आठवड्यांनी घरमालकांचं पत्र आलं. करारानुसार स्वयंपाकघर आणि न्हाणीघर दर ३ वर्षांनी, राहत्या खोल्या दर ५ वर्षांनी आणि बाकीची जागा दर ७ वर्षांनी रंगवून घेणं तुमच्यावर बंधनकारक होतं. आठ वर्षांत तुम्ही एकदाही रंग दिला नाही, म्हणून २,४०० युरो अनामत रकमेतून कापत आहोत. सोबत सहीच्या पानाची प्रत होती. सही माझीच होती, त्यामुळे पैसे गेले असंच मी धरून चालले होते.

भाडेकरू संघटनेतल्या सल्लागार बाईंनी सहीकडे पाहिलंही नाही. पहिल्या पानाच्या तळाशी फॉर्म छापणाऱ्या प्रकाशनाचं नाव आणि आवृत्ती अगदी बारीक अक्षरात होती, तिथे त्यांनी बोट ठेवलं. "हा दुकानातून आणलेला फॉर्म आहे," त्या म्हणाल्या. मग रंगकामाची अट दोनदा वाचली. "यात 'साधारणपणे' हा शब्द कुठेच नाही. म्हणजे ही अट गेली."

त्या एका शब्दावर सगळं अडलेलं होतं. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने, म्हणजे बुंडेसगेरिश्ट्सहोफने, २००४ मध्ये ठरवलं की रंगकामाचं वेळापत्रक आखीव आणि ताठर असेल, भिंतीला रंगाची खरोखर गरज आहे का याचा विचारच त्यात नसेल, तर छापील करारातली ती अट बाद. 'साधारणपणे', 'गरजेनुसार' असं काही लिहिलेलं असेल तर ती टिकू शकते. २०१५ मध्ये आणखी एक पाऊल पुढे पडलं. घर रंग न देता ताब्यात दिलं असेल आणि त्याची योग्य भरपाईही दिली नसेल, तर रंगकामाचा भार छापील अटीने भाडेकरूवर टाकताच येत नाही.

मी विचारलं, ३ ऐवजी ६ वर्षं धरून थोडे तरी पैसे द्यावे लागतील ना? बाई म्हणाल्या, अजिबात नाही. अट जास्त झाली म्हणून न्यायाधीश तिला कापून मापात बसवून देत नाहीत, ती पूर्ण जाते. तिच्या जागी जर्मन नागरी संहितेचं कलम ५३५ येतं, आणि त्यात घर राहण्याजोगं ठेवायची जबाबदारी मालकाची आहे. यामागचं कारण मला फार पटलं. न्यायालय अट छाटून वाचवायला लागलं, तर कुणीही आधी वाटेल तेवढं लिहून ठेवेल. शंभरातल्या नव्वद लोकांनी मुकाट्याने पैसे भरले तर त्याचा फायदा, आणि कुणी कोर्टात गेलंच तर जेवढं रास्त तेवढं तरी हातात पडणारच.

त्या दिवसापासून मी हाच विषय वाचते आहे. जर्मन नागरी संहिता १ जानेवारी १९०० ला लागू झाली. दोन माणसं समोरासमोर बसतात, घासाघीस करतात आणि एका मुद्द्यावर येतात, हे तिच्यातलं कराराचं चित्र. रेल्वे, विमा कंपन्या, बँका तेव्हाही छापील अटींवरच चालत होत्या, पण संहितेत त्यांच्याविषयी एक ओळ नव्हती. पुढच्याच वर्षी, १९०१ मध्ये, रेमों सालेय या फ्रेंच प्राध्यापकांनी याच जर्मन संहितेवर लिहिताना ही गोष्ट हेरली. काही करारांत एकच इच्छा चालते, ती अनोळखी समूहाला आपला कायदा घालून देते आणि दुसऱ्याने तिला फक्त जोडून घ्यायचं असतं. याला त्यांनी 'कॉन्त्रा दादेझियाँ' म्हटलं. शब्दशः जोडून घेण्याचा करार. मी साधं 'छापील करार' म्हणणार आहे. कायद्याच्या तरतुदीला 'कलम' आणि करारातल्या मजकुराला 'अट' म्हणते, म्हणजे घोळ होणार नाही.

नाव फ्रेंचांनी ठेवलं, पण संहितेत पहिली तरतूद केली इटलीने. जर्मनीत न्यायाधीश आधी दुसऱ्याच कलमांचा आधार घेत वाट काढत राहिले. सचोटी आणि विश्वासाचं कलम २४२ हे त्यातलं मुख्य. मग ९ डिसेंबर १९७६ चा स्वतंत्र कायदा आला, तो १ एप्रिल १९७७ पासून लागू झाला आणि २००२ मध्ये थेट नागरी संहितेत कलम ३०५ ते ३१० म्हणून बसला.

माझं म्हणणं असं की ही शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. छापील कराराचा नियम ग्राहकावर केलेली मेहेरबानी म्हणून बाजूच्या कायद्यात ठेवायचा, की करार म्हणजे काय याच्या व्याख्येचाच भाग म्हणून मुख्य संहितेत? मला वाटतं, मुख्य संहितेत. इतर देशांत राहणाऱ्यांनी आपापला अनुभव लिहावा.

रोज_वाचतो

लेख आवडला. एक प्रश्न आहे, राग मानू नका. सही करण्याआधी वाचलं का नाही? शिकलेल्या माणसाने न वाचता सही करायची आणि नंतर कायद्याने सोडवायचं, हे मला पटत नाही. शब्द दिला तो दिला.

इझारकाठ

राग कसला, हाच खरा प्रश्न आहे. मी वाचलं होतं. घर बघायला जिन्यावर रांग लागली होती, दुसऱ्या मजल्यापासून खाली दारापर्यंत. प्रत्येकाच्या हातात पगाराच्या चिठ्ठ्यांची फाइल. त्यात आम्हाला होकार आला. मी अट वाचली आणि एजंटला विचारलं, हे ३ वर्षांचं बदलता येईल का? तो शांतपणे म्हणाला, फॉर्म असाच आहे, नको असेल तर पुढच्यांना फोन करतो. मी सही केली.

वाचल्याने मला काय आहे ते कळलं, पण बदलता काहीच आलं नाही. जर्मन कायदा नेमका इथे बोट ठेवतो. कलम ३०५ प्रमाणे अट अनेक करारांसाठी आधीच तयार केलेली आहे का आणि ती एका पक्षाने दुसऱ्यापुढे ठेवली का, एवढं बघतात. ज्याने ठेवली त्याला 'फेरवेंडर', म्हणजे वापरणारा, म्हणतात. मालकांनी फॉर्म स्वतः लिहिला नव्हता, दुकानातून आणला होता, तरी जबाबदार तेच. आणि दोघांनी खरोखर बसून ठरवलेली एखादी वेगळी गोष्ट असेल, तर कलम ३०५-ब प्रमाणे ती छापील अटीच्या वर. तुम्ही म्हणता तो 'दिलेला शब्द' तिथे पूर्ण पाळला जातो.

मिलानोत_मुक्काम

इटलीचा उल्लेख आला म्हणून लिहितो. इथे मुळात दोन सह्या करायच्या असतात.

इटलीची नागरी संहिता १९४२ ची. तिच्या कलम १३४१ चा पहिला भाग असा : एका पक्षाने तयार केलेल्या सर्वसाधारण अटी दुसऱ्याला सही करताना माहीत असतील, किंवा नेहमीची काळजी घेतली असती तर कळल्या असत्या, तर त्या लागू. दुसरा भाग खास आहे. जबाबदारी मर्यादित करणं, करार एकतर्फी सोडण्याचा किंवा काम थांबवण्याचा हक्क, मुदती हुकल्यास हक्क जाणं, आपोआप नूतनीकरण, लवाद, अमक्याच शहरातलं न्यायालय, अशा जाचक अटींची यादी आहे. त्यांना वेगळी लेखी मंजुरी नसेल तर त्या लागूच होत नाहीत. कलम १३४२ म्हणतं की फॉर्मवर हाताने वाढवलेला मजकूर छापील मजकुरावर मात करतो, छापील खोडलेलं नसलं तरी. आणि १३७० प्रमाणे शंका असेल तिथे अर्थ लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावायचा.

१९४२ च्या मानाने हे फार पुढचं होतं. पण प्रत्यक्षात काय होतं सांगतो. जिममध्ये नाव नोंदवायला गेलो. काउंटरवरच्या मुलीने शेवटचं पान उघडलं आणि पेन्सिलने दोन फुल्या मारल्या, एक वर, एक खाली. खालच्या फुलीच्या वर लिहिलं होतं, "कलम १३४१ आणि १३४२ अन्वये खालील अटी विशेष मंजूर." मागे लोक उभे होते. मी दोन्हीकडे सही केली. ती मुलगी चांगली होती, तिने काही लपवलं नाही. पण दुसऱ्या सहीने माझ्या माहितीत तसूभर भर पडली नाही.

म्हणून मला वाटतं, इटलीने उपाय चुकीच्या जागी शोधला. रोग सहीचा आणि औषध म्हणून आणखी एक सही.

इझारकाठ

हे वाचायला मिळावं म्हणूनच धागा काढला. यात आणखी एक गोष्ट दिसते. युरोपीय समुदायाचा निर्देश ९३/१३ (सदस्य देशांनी आपल्या कायद्यात उतरवायचा नियम) हा ५ एप्रिल १९९३ चा. न वाटाघाटलेली अट सचोटीच्या विरुद्ध जाऊन ग्राहकाच्या हक्क-कर्तव्यांत लक्षणीय असमतोल करत असेल तर ती त्याच्यावर बंधनकारक नाही, असं तो सांगतो. इटलीने १९९६ मध्ये तो नागरी संहितेतच घातला, १४६९ नंतरची जोडकलमं म्हणून. आणि २००५ मध्ये ती कलमं तिथून उचलून वेगळ्या ग्राहक संहितेत नेली. जर्मनीने २००२ मध्ये बाहेरचं आत आणलं, इटलीने तीन वर्षांनी आतलं बाहेर नेलं.

याचा परिणाम छोट्या दुकानदाराला भोगावा लागतो. मिलानमध्ये दुकानदाराने दुकानासाठी करार केला तर तो 'ग्राहक' नाही, म्हणून ग्राहक संहिता त्याला नाही. त्याच्या वाट्याला १३४१ आणि ती दुसरी सही. म्युनिकमधल्या दुकानदाराला मात्र कलम ३०७ मिळतं, म्हणजे समोरच्यावर अवाजवी अन्याय करणारी छापील अट बाद.

अक्षरमित्र

मी श्टुटगार्टला यंत्रसामग्रीच्या कंपनीत खरेदी विभागात आहे. इझारकाठ ताई, तुमच्या घराच्या बाबतीत पूर्ण सहमत. पण जो भाग तुम्हाला सर्वांत आवडला त्याचाच आम्हाला रोज त्रास होतो.

दोन मोठ्या कंपन्या, दोघांकडे वकील, करार साठ पानी. तरी कुणीतरी वापरलेली जुनी अट त्यात आली की ती छापील अट ठरते आणि कलम ३०७ ची तपासणी लागते. कलम ३०९ ची काळी यादी, म्हणजे सरसकट बाद ठरणाऱ्या अटींची यादी, व्यापाऱ्यांना थेट लागू नाही, हे ३१० मध्ये लिहिलं आहे. पण ती अट व्यापाऱ्यांमध्येही अन्याय्य असल्याची खूण म्हणून न्यायालयं तिच्याकडे बघतात. मग तुम्ही म्हणाल, वाटाघाटी केल्या असं दाखवा. त्यासाठी न्यायालयाची अपेक्षा अशी की, वापरणाऱ्याने अटीचा गाभाच मनापासून चर्चेला ठेवला पाहिजे आणि समोरच्याला तो बदलायची खरी संधी दिली पाहिजे. नुसती चर्चा झाली म्हणून चालत नाही. नुकसानभरपाईची मर्यादा ठरवायची म्हटली तर आमचे वकील कपाळाला हात लावतात. म्हणून बरेच लोक स्विस कायदा निवडतात. तिथे मजकुराची तपासणी १ जुलै २०१२ पासून आली, अनुचित स्पर्धेविरुद्धच्या कायद्याच्या कलम ८ मध्ये, आणि तीही फक्त ग्राहकांसाठी.

एकच कापड सगळ्यांच्या मापाने शिवलं की असं होतं.

इझारकाठ

हा आक्षेप जर्मनीतही वर्षानुवर्षं जोरात मांडला जातो आणि मोठ्या कंपन्यांपुरता मलाही तो बराचसा पटतो. तडजोडीचा एक नमुना शेजारीच आहे. नेदरलँड्सच्या नागरी संहितेत, सहाव्या ग्रंथात कलम २३१ ते २४७, १९९२ पासून छापील अटींचे नियम आहेत. त्यात ग्राहकांसाठी एक काळी यादी आणि एक करडी (अन्याय्य असल्याचं गृहीत धरलेल्या अटींची) यादी आहे, आणि कलम २३५ मोठ्या कंपन्यांना या संरक्षणाचा आधार घेऊ देत नाही. ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी, ही त्यातली एक कसोटी. म्हणजे नियम मुख्य संहितेत ठेवूनही माप वेगळं करता येतं.

स्विस कायदा निवडण्याविषयी मात्र एक. दोन्ही पक्ष आणि बाकी सगळा व्यवहार जर्मनीतलाच असेल, तर कराराला कुठल्या देशाचा कायदा लागू हे ठरवणाऱ्या युरोपीय रोम-१ नियमाचं कलम ३(३) आडवं येतं. परका कायदा निवडला तरी जर्मन कायद्याचे न टाळता येणारे नियम लागूच राहतात. त्यामुळे अशा करारांत कायद्याच्या निवडीबरोबर लवादही घातलेला दिसतो.

लिओंहून

फ्रान्सबद्दल लिहायला उशीर झाला. माझ्या नवऱ्याचं इथे छोटं उपाहारगृह आहे, त्यामुळे हा विषय आम्ही अंगावर घेतलेला आहे.

फ्रान्समध्ये १० जानेवारी १९७८ च्या कायद्याने जाचक अटींवर पहिला घाव घातला, पण तो ग्राहकांपुरता. व्यापाऱ्यांसाठी न्यायालयाला आडवळणाने जावं लागलं. सर्वांत गाजलेला निकाल २२ ऑक्टोबर १९९६ चा, क्रोनोपोस्ट या जलद टपाल कंपनीचा. एका कंपनीने निविदेची कागदपत्रं जलद टपालाने पाठवली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत पोचवण्याचं वचन होतं. ती उशिरा पोचली, निविदा हुकली. करारातली अट म्हणत होती, उशीर झाला तर फक्त टपालखर्च परत. कूर द कासासियाँने, म्हणजे फ्रान्सच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने, म्हटलं, वेळेत पोचवणं हेच तर या कराराचं मुख्य कर्तव्य. त्यालाच पोकळ करणारी अट लिहिलेलीच नाही असं समजायचं. ते तत्त्व आता नागरी संहितेचं कलम ११७० आहे.

१० फेब्रुवारी २०१६ च्या अध्यादेशाने सालेय यांचा शब्द अखेर फ्रेंच नागरी संहितेत आला, १ ऑक्टोबर २०१६ पासून. शब्द सुचल्यावर एकशे पंधरा वर्षांनी! कलम १११० व्याख्या करतं, ११७१ म्हणतं की लक्षणीय असमतोल करणारी अट लिहिलेलीच नाही असं समजायचं, आणि ११९० म्हणतं की शंका आली तर अर्थ अटी पुढे ठेवणाऱ्याच्या विरुद्ध. पण पहिल्या व्याख्येत 'सर्वसाधारण अटी' असे शब्द होते आणि सर्वसाधारण म्हणजे काय यावर वाद पेटला. म्हणून २०१८ च्या कायद्याने ती बदलली : एका पक्षाने आधीच ठरवलेल्या, वाटाघाटीला न ठेवलेल्या अटींचा संच ज्यात आहे तो करार. ११७१ सुद्धा आकसलं. आता फक्त वाटाघाटीला न ठेवलेल्या अटीच त्यात तपासता येतात. मुख्य वस्तू आणि किंमत रास्त आहे का, हे त्यातून बाहेरच.

आमचं प्रकरण असं. बिलाचं यंत्र पाच वर्षांच्या भाडेकराराने घेतलं. यंत्र पुरवणारा वेगळा, पैसे घेणारी वित्त कंपनी वेगळी. एक हप्ता चुकला तर उरलेले सगळे हप्ते लगेच देणं. आम्ही करार मोडायचा म्हटलं तर तशी सोयच नाही. 'ग्राहक' नसल्यामुळे ग्राहक संहिता नाही. पण २६ जानेवारी २०२२ ला कासासियाँने सांगितलं की वित्त कंपन्यांच्या अशा भाडेकरारांना ११७१ लावता येतं. त्याच निकालात त्या विशिष्ट अटीत असमतोल नाही असंही म्हटलं, कारण वित्त कंपनीने पैसे आधीच मोजलेले असतात आणि तिचं कर्तव्य तिथेच संपतं. म्हणजे दार उघडलं, पण आत जाताना अडवलं. आमच्या वकिलांनी पूर्ण चार पानांचं पत्र ११७१ वर लिहिलं आणि वित्त कंपनी तडजोडीला आली. कलम नागरी संहितेत नसतं तर ते पत्रच लिहिता आलं नसतं. त्यामुळे मी इझारकाठच्या बाजूने.

मांडवीतीर

पोर्तुगालचं राहिलं. तिथे २५ ऑक्टोबर १९८५ चा अध्यादेश ४४६/८५ आहे, छापील अटींवरचा स्वतंत्र कायदा, नागरी संहितेच्या बाहेर. आम्हा गोंयकारांना पोर्तुगीज संहिता म्हटलं की १८६७ ची आठवते, कारण लग्न आणि वारसा वर्षानुवर्षं तिच्यावर चालत आले. पण करार इथे भारतीय करार कायद्याने होतात, आणि १९८५ चा तो कायदा येण्याच्या कितीतरी आधी, १९६१ मध्ये, गोवा मुक्त झाला होता. त्यामुळे युरोपीय संहितेत वाढलेलो असूनही या बाबतीत आम्हाला तिचा उपयोग नाही.

धायरीकर

आपल्याकडे मग काय आहे? फ्लॅटच्या करारात बिल्डरच्या उशिराला एक भाव आणि आमच्या उशिराला दुसरा, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

इझारकाठ

धायरीकर, भारतीय करार कायदा १८७२ चा, त्यात यासाठी प्रकरण नाही. विधी आयोगाने १९८४ मध्ये १०३ व्या अहवालात अन्याय्य अटींवर नवं प्रकरण घालायला सुचवलं होतं, ते घातलं गेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये ब्रोजोनाथ गांगुली खटल्यात सौदाशक्ती असमान असलेल्या छापील कराराची अट कलम २३ खाली रद्द केली, ती नोकरीची होती. फ्लॅटबद्दल २०१९ चा पायोनियर अर्बन निकाल बघा. त्यात खरेदीदाराच्या उशिराला १८ टक्के आणि बिल्डरच्या उशिराला ९ टक्के व्याज होतं. असा करार खरेदीदारावर बंधनकारक नाही, असं न्यायालयाने म्हटलं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये 'अन्याय्य करारा'ची व्याख्याही आली आहे. पण तो पुन्हा ग्राहकापुरता कायदा. लिओंच्या उपाहारगृहासारखा कुणी सांगलीत असेल तर त्याच्यापुढे तीच भिंत उभी राहील.

रोज_वाचतो

मी माझं मत थोडं बदलतोय. पण लोकांना हे हक्क माहीतच नसतात. कलम कुठल्या पुस्तकात आहे याने त्यांना काय फरक पडतो?

इझारकाठ

त्यावर लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने जून २००० मध्ये एक मोठी गोष्ट केली. स्पेनमध्ये हप्त्याने ज्ञानकोश घेतलेल्या लोकांवर बार्सिलोनात दावे लागले, कारण करारात बार्सिलोनाचं न्यायालय छापलेलं होतं. विक्रेत्याचं कार्यालय तिथे, ग्राहक कुठल्या कुठल्या गावचे. बहुतेक जण जाणारच नाहीत, गेले तरी हा मुद्दा काढणार नाहीत. ओसेआनो खटल्यात न्यायालयाने म्हटलं, ग्राहकाने तक्रार केली नसली तरी अशी अट न्यायाधीशाला आपणहून तपासता आली पाहिजे. पुढच्या निकालांत ते न्यायाधीशाचं कर्तव्यच झालं. ज्याला हक्क माहीत नाही त्याच्यासाठीही कुणीतरी ते पान उघडून बघतं. जर्मनीत याला जोड म्हणून ग्राहक संघटना माझ्यासारख्या एकेका माणसाची वाट न बघता थेट कंपनीवर दावा लावून अटीचा वापरच बंद पाडू शकतात.

मिलानोत_मुक्काम

धागा वाचून जिमचा करार कपाटातून काढला. दुसऱ्या सहीच्या वर लिहिलंय, "अटी २ ते ३१ विशेष मंजूर." एकूण अटी ३१. म्हणजे पहिली सोडून सगळ्या. आपोआप नूतनीकरण त्यात १९ वी आहे, आणि त्याचेच पैसे ते आता मागत आहेत.

इझारकाठ

मग ती दुसरी सही तुमच्या विरुद्ध लावणं त्यांना कठीण जाईल. साध्या आणि जाचक अटी एकत्र करून सरसकट दिलेली मंजुरी 'विशेष' ठरत नाही, असं तुमच्याकडच्या कासासियोनेने, म्हणजे इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने, अनेकदा म्हटलेलं आहे. शिवाय जिमला तुम्ही ग्राहक म्हणूनच गेलात, तेव्हा ग्राहक संहितेची कलमं ३३ ते ३८ सुद्धा तुमची. पत्रात दोन्ही लिहा. पानाची प्रत जोडा आणि २ ते ३१ ही ओळ अधोरेखित करा. मूळ करार मात्र त्यांच्या हातात देऊ नका.